पहिलं थोरल्या घरी

त्यांनी मला भात मोजायच्या तराजूत बसवलं.

खळ्यावर झोडणी उरकली होती. लाकडाच्या तिकाटीला मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात भाताची पोती. माझा बा पोती उचलून ठेवत होता, मी बाजूला उभा राहून शेंबूड पुसत होतो. दुसरीत का तिसरीत असेन. अंगानं मात्र सातवीतल्या पोराएवढा. थोरले मालक खुर्चीत बसलेले. त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ह्याला चढव रे," ते बाला म्हणाले.

बाला कळलं नाय.

"तुझ्या पोराला चढव. कातकऱ्याचं पोर आणि एवढं गबदूल? बघू तरी आमचं किती भात ह्याच्या पोटात गेलंय."

खळ्यावरचे सगळे हसले. बानं माझ्या काखेत हात घातले, मला उचललं आणि पारड्यात ठेवलं. स्वतःच्या हातानं. पारडं धाडकन खाली गेलं तसा हशा अजून वाढला. मालकांचा मुलगा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, तो तर पोट धरून हसत होता. मी बाकडं बघितलं. बा पण हसत होता.

मालक हसले ते सोडा. त्यांचं कामच ते. पण बा का हसला? हे मला पुढं कितीतरी वर्षं कळलं नाय. कळलं तेव्हा बाचा राग गेला आणि दुसरा राग आला. तो अजून गेला नाय, आणि जाऊ पण देणार नाय.

आम्ही कातकरी. रोह्याकडून कोलाडला जाताना डोंगराच्या पायाशी आमची वाडी लागते. कुडाच्या भिंती, काही घरांना आता पत्रे. खाली कुंडलिका. वाडीखालची जमीन सातबाऱ्यावर थोरल्या घराची. थोरलं घर म्हणजे गावातलं मालकांचं घर, आम्ही तसंच म्हणतो. आमच्यातला कुणी वर मान करून बोलला की तिकडून एकच वाक्य यायचं: "जास्त बोलाल तर उद्या बिऱ्हाड डोक्यावर घ्यायला लागेल." ओरडून नाय सांगायचे. पान खाता खाता सांगायचे. त्या एका वाक्यावर आमच्या तीन पिढ्या गप बसल्या. घर जाईल. घर जाईल. दुसरी भीतीच आम्हाला कधी शिकवली नाय.

आणि आमची एक रीत होती. पहिलं थोरल्या घरी. डोंगरातून पहिला मध काढला की आधी थोरल्या घरी. पहिल्या चिंबोऱ्या, पहिली शेवळाची रानभाजी, पहिली करवंदं, सगळं आधी तिकडं, मग आपल्या पोरांच्या तोंडात. आजा सांगायचा, फार मागं त्यांच्यातल्या कुणाला तरी पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता, आमच्यातल्या कुणीतरी मुळी उगाळून पाजली, तो जगला. तेव्हापासून दोन्ही घरांत देणं-घेणं. आम्ही पहिलं द्यायचं, त्यांनी दिवाळीला वाडीतल्या दर घराला पायलीभर तांदूळ आणि एक लुगडं द्यायचं. मग कधीतरी त्यांच्याकडचं लुगडं बंद झालं. मग तांदूळ बंद झाले. आमचं चालूच. बा म्हणायचा, "त्यांनी रीत सोडली म्हणून आपण सोडायची काय? आपली माणुसकी आपल्याकडं." माझा भोळा सांब बा.

मी एवढा मोठा कसा झालो ते मला ठाऊक नाय. वाडीत सगळे काटक, काडीसारखे. आय म्हणायची, "माझ्या लेकराचं हाड मोठं हाय, नजर लावू नका." शाळेत पोरं विचारायची, उंदीर किती खातोस? मास्तर पण हसायचे. अरे, खातो आम्ही उंदीर. शेतातला. तुमचंच भात खाऊन माजलेला. त्यात लाजायचं काय? तुम्ही चाटूनपुसून कोळंबी खाता, ती खाडीत काय खाते ते विचारलंय कधी? पण हे आज बोलतोय. तेव्हा मान खाली घालून बसायचो. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. मग वीटभट्टी, मग धाटावला केमिकल कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली ड्रम चढवायला. कंपनीच्या लोकांना शिफ्टची बस, आम्हाला टेम्पो. मिसरूड फुटलं होतं आणि दोघांचा ड्रम मी एकटा लोटायचो.

एक दिवस थोरल्या घरून निरोप आला. तो पोट धरून हसणारा मुलगा आता सर झाला होता. पेणला कॉलेजात खेळाचा शिक्षक, वर स्वतःचा क्लब. तिथं ते एमएमए शिकवायचे. म्हणजे मुष्टी, लाथ, कुस्ती, गळा आवळणं, हात पिरगाळणं, सगळं एकात, जाळीच्या पिंजऱ्यात. त्यांनी मला नाय विचारलं. बाला सांगितलं, "तुझा पोरगा पाठव पेणला." नांगराला बैल मागतात तसा. बानं पाठवला. नाय म्हणायची सोयच नव्हती. घर त्यांच्या जागेत.

मला वाटलं, शिकवणार. कसलं काय. क्लबात डॉक्टरांची, वकिलांची, मास्तरांची पोरं. त्यांना पाडायला एक जड अंग हवं होतं. ते मी. सर ओरडायचे, "उचल त्याला, आपट," आणि पोरं मला आपटायची. मी उठायचो, परत आपटायची. बाकीच्या वेळात मॅट पुसायची, झाडू मारायचा, तिथंच मागच्या खोलीत झोपायचं.

हा खेळ कसा असतो ठाऊक हाय? अंगावर अंग. त्याची छाती माझ्या तोंडावर, माझी मान त्याच्या काखेत. त्याचा घाम माझ्या डोळ्यात, माझी लाळ त्याच्या खांद्यावर. आईच्या मांडीवर सोडलं तर एवढं जवळ माणूस माणसाच्या कधी येत नाय. आणि सराव संपला की ती पोरं ओळीनं ठेवलेल्या बाटल्या उचलायची, एकमेकांच्या बाटलीतलं पाणी प्यायची. माझी बाटली वेगळी, खिडकीत. तिच्यावर काळी चिकटपट्टी लावलेली. चुकून कुणी उचलू नये म्हणून. एकदा मी तहानेनं दुसऱ्याच्या बाटलीला हात लावला. त्या पोरानं बाटली घेतली, मोरीत ओतली आणि कचऱ्यात टाकली. पाचच मिनिटांपूर्वी माझ्या नरड्यावर आडवं पडलं होतं लेकाचं. तेव्हा विटाळ कुठं गेला होता?

सरांना सांगितलं. सर म्हणाले, "जाऊ दे रे. स्वच्छतेचा प्रश्न असतो."

पण जो रोज पडतो त्याला पाडणं आधी कळतं. कोण उचलायच्या आधी श्वास धरतो, कुणाचा डावा गुडघा कच्चा, कोण चिडला की हनुवटी वर करतो, हे मी खाली पडून शिकलो. मग एक दिवस सरांचा लाडका पोरगा मला उचलायला आला आणि मीच त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला खाली घेतला. वर बसलो. हात धरला, वळवला. त्यानं मॅटवर थोपटलं. थोपटणं म्हणजे हरलो, सोड. सर जवळ आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "अरे वा. जनावर जागं झालं."

जनावर. बरं. हेवीवेटला माणसं मिळत नायत आपल्याकडं. माझ्यासारखा गडी घरात आयता. त्यांनी मला पिंजऱ्यात उतरवायचं ठरवलं आणि नाव ठेवलं रानगवा. माझं नाव मग कुणी घेतलंच नाय. पत्रकावर रानगवा, माईकवर रानगवा. पहिल्या कुस्तीला, कुस्तीच म्हणायचो आम्ही, पेणच्याच मैदानावर, सर एक पिशवी घेऊन आले. आत पळसाच्या पानांचा शिवलेला घागरा, तोंडाला फासायला काजळी आणि एक कोयता.

"हे काय सर?"

"पोशाख. तुझी एंट्री. लोकांना लक्षात राहायला पाहिजे ना."

"आमच्यात पानं कुणी नेसत नाय, सर. माझा बा चड्डी घालतो. आजा लंगोटी नेसायचा."

"तुझ्या बाला कोण बघायला येणार हाय काय? घाल गुमान. वाडीवर सगळं ठीक हाय ना?"

एवढंच. वाडीवर सगळं ठीक हाय ना. मी पानं नेसली.

मधल्या वाटेनं मी चालत गेलो. ढोल वाजत होते. माईकवाला ओरडत होता, सह्याद्रीच्या जंगलातून आलेला, कच्चं मांस खाणारा, उंदरांवर पोसलेला. लोक उंदीर उंदीर करत ओरडत होते. त्यात माझ्या तालुक्यातले लोक होते, बाजारात माझ्या आयकडून शेवळं विकत घेणारे. पिंजऱ्याजवळ पोचल्यावर पानं सोडली, चड्डीवर आत गेलो. समोरच्याला मी लवकर संपवला. त्याच्यावर राग नव्हता. बिचाऱ्याच्या वाट्याला सगळ्या मैदानाचा मार आला.

मग वर्षामागून वर्षं तेच. मुंबई, पुणे, इंदूर, दिल्लीकडं. नाक दोनदा मोडलं. कान फ्लॉवरसारखे झाले. मी मोबाईलवर बघून बघून डाव शिकलो, रबराच्या जुन्या ट्यूबला गाठी मारून गळा आवळायचा सराव केला. माझ्याएवढी मेहनत त्या क्लबात कुणी केली नाय, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण जिंकलो की सर माईक घ्यायचे आणि म्हणायचे, "ताकद रानातली, डोकं आमचं." लोक टाळ्या वाजवायचे. मी बाजूला कोयता धरून उभा. हरलो की म्हणायचे, "किती शिकवा, शेवटी जात ती जात."

एकदा मोठा सामना झाला. उत्तरेकडचा पैलवान, माझ्याहून उंच, सगळे म्हणत होते रानगवा आज कापला जाणार. तिसऱ्या फेरीत मी त्याला खाली घेतला आणि त्याचा हात दोन्ही पायांत धरून सरळ केला. कित्येक महिने तोच एक डाव घोटवला होता. त्यानं थोपटलं. मला बेल्ट मिळाला. चामड्याचा, वर पितळेची मोठी तबकडी, एवढा जड की आयला तो दोन हातांनी पण नीट धरता येईना. वाडीत माणसं नाचली. पोरीबाळी तबकडीत तोंड बघत होत्या. आय त्याच्यावरून हात फिरवत म्हणाली, "ह्यात माझ्या लेकराचं रगात हाय."

बा म्हणाला, "पहिलं थोरल्या घरी."

आय भडकली. "बेल्ट काय शेवळं हाय? का चिंबोरी हाय? द्यायचा नाय."

"गो, रीत हाय ती. पहिलं हाय पोराचं."

"मग जा, माझं डोचकं घेऊन जा थोरल्या घरी. ते पण पहिलंच हाय, दुसरं नाय माझ्याकडं."

खूप बोलली आय. पण बा नवं धोतर नेसून उंबऱ्यात उभा राहिला, डोळ्यात पाणी. त्याच्यासाठी तो बेल्ट म्हणजे मोठं मधाचं पोळंच होतं, आणि पहिलं पोळं कधी घरी ठेवायचं नसतं. मी गेलो. सरांच्या आईनं बेल्ट हातात घेतला, फडक्यानं पुसला. माझ्या हातानं पुसून आणला होता, तरी पुसला. मग बैठकीच्या खोलीत जुन्या सांबराच्या शिंगांखाली खिळ्याला अडकवला. आम्हाला ओसरीच्या पायरीवर चहा दिला. बा वाटेत म्हणाला, "बघितलंस, किती मान दिला." त्या भिंतीवर काय काय लटकलंय ते मी बघितलं होतं. सांबर, एक जुनी बंदूक आणि मी.

मग डोळा गेला. कोपर लागलं आणि उजव्या डोळ्यातला पडदा फाटला. डॉक्टरनं सांगितलं, अजून एक फटका आणि आंधळा होशील. सरांनी पुढचा सामना ठरवलेला. मी म्हटलं, "सर, दिसत नाय." ते हसत म्हणाले, "अरे, एक डोळा पुरतो. समोरचा पण एकच असतो."

मी तिथून उठलो आणि एसटी पकडून घरी आलो. सरांनी फोन उचलणं बंद केलं. तेवढ्यात दुसरा कुणीतरी आणला असणार, त्याला दुसऱ्या कुठल्या प्राण्याचं नाव दिलं असणार. गुडघे दोन्ही खलास. मग धाटावला एका गोदामाच्या फाटकावर वॉचमन झालो. ट्रक आला की उठताना तोंडातून आय गं निघायचं. ड्रायव्हर पोरं हसायची, "पैलवान, म्हातारे झालात."

घरी बसल्यावर एकदा बाला विचारलंच. "खळ्यावर मला तराजूत ठेवलंस तेव्हा तू का हसलास?"

बा म्हणाला, "मी नसतो हसलो तर काय झालं असतं? त्यांना कळलं असतं की मला लागलं. त्यांना कळलं की आपल्याला लागतं, की मग ते घरावर येतात. घर राहावं म्हणून हसलो रे."

माणूस आपलं पोर तराजूत ठेवून हसतो, कशासाठी तर कुडाच्या चार भिंतींसाठी. तेव्हा बाचा राग गेला. दुसरा राग आला म्हटलं ना, तो त्या दिवशी आला.

आता कोलाडच्या बाजूला नदीवर बोटीतून फिरायला मुंबईची माणसं येतात. रिसॉर्ट झालेत जिकडं तिकडं. आमच्या वाडीतून नदी छान दिसते. तेच नडलं. सरांनी जागा एका पार्टीला द्यायचं ठरवलं. वाडी डोंगरात वर हलवायची, जिथं पाणी नाय, रस्ता नाय. पण वाडीतल्या पोरी आता शिकल्यात. त्यांनी चार ठिकाणी विचारलं, म्हणाल्या, पिढ्यान्‌पिढ्या राहतोय तर घराखालची जागा आपल्याला मागता येते. वाडीनं मागितली. सरकारी साहेब पाहणीला येणार असं कळलं.

आदल्या दिवशी सर आले. गाडीतून उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांनी.

"तुझी सोय केलीय मी," म्हणाले. "रिसॉर्टच्या गेटवर उभं राहायचं. तोच आपला पोशाख. पानं, कोयता. पाहुण्यांना आवडतं असलं, फोटो काढतात. राहायला पक्की खोली. उद्या साहेबांसमोर फक्त खरं ते सांग."

"खरं म्हणजे काय, सर?"

"तुमची माणसं आमच्या मर्जीनं राहतात. बस."

मी म्हटलं, "बघतो." मला तोंडावर नाय म्हणता आलं नाय. एवढ्या माणसांना आपटलं, पण त्या माणसासमोर जीभ टाळ्याला चिकटायची. ती सवय हाडात गेलेली असते.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर साहेब आले. बरोबर मोजणीवाले, त्यांच्या हातात फीत. रिसॉर्टवाल्यांच्या दोन गाड्या. सगळी वाडी गोळा झाली. साहेब भला वाटत होता. त्यानं सरळ विचारलं, "ही माणसं इथं कशी राहतात? स्वतःच्या हक्कानं की मालकाच्या परवानगीनं, भाडं देऊन?"

सर गोड बोलले. "साहेब, ह्यांना आमच्या आजोबांनी बसवलं. गरीब माणसं, पैसे कुठले देणार? दरवर्षी जे पहिलं पिकतं, मध म्हणा, चिंबोऱ्या म्हणा, ते आणून देतात. भाडंच ते. कुणालाही विचारा."

साहेबानं विचारलं, "देता का?"

माणसं म्हणाली, "देतो."

खरंच तर होतं. खोटं बोलायचं कुणाला सुचलंच नाय. कुणी म्हणालं मध, कुणी म्हणालं करवंदं, एक म्हातारी अभिमानानं म्हणाली, "कधी चुकवलं नाय हो, माझ्या सासूपासून." साहेबाचं तोंड उतरलेलं मी बघितलं. आमच्याच तोंडानं आमची घरं चालली होती. मान म्हणून जे दिलं, तेच आमच्या गळ्यात.

मग सरांनी माझ्याकडं बोट केलं. "हा बघा. एवढा मोठा चॅम्पियन. बेल्ट जिंकला तर तो पण आमच्या घरी आणून दिला. आमच्या भिंतीवर लटकलाय, दाखवतो चला. का दिला असेल? मालक म्हणूनच ना? सांग रे साहेबांना."

साहेब माझ्याकडं वळला. "दिला होता?"

"दिला होता."

"का?"

सगळी वाडी माझ्याकडं बघत होती. सर पण. त्यांच्या तोंडावर तेच हसू, वाडीवर सगळं ठीक हाय ना वालं. तेवढ्यात आय पुढं आली, कंबर वाकलेली, काठी टेकत.

"साहेब, मी एक विचारू? ह्यांच्या घरून दिवाळीला आम्हाला पायलीभर तांदूळ यायचे, लुगडं यायचं. माझ्या लग्नानंतर पण आलेलं, मी नेसलेय. मग हे आमचं कूळ होते काय? आमच्या जागेत राहत होते?"

माणसं हसली. साहेब पण हसला. सर लाल झाले. "ए म्हातारे, गप बस. लाज नाय वाटत? उंदीरखाऊ जात, तुम्हाला जागा दिली हेच चुकलं."

मी एकदम पुढं झालो. सर दोन पावलं मागं सरले, आणि मग थांबले, छाती पुढं काढली. "मारतोस? मार. मार ना सगळ्यांसमोर." त्यांच्या माणसांनी मोबाईल वर केले. समोरच्याला चिडवायचं आणि त्यानं हात टाकला की धरायचा, हा डाव मला त्यांनीच शिकवला होता. मी हात टाकला नाय.

साहेबाला म्हणालो, "शेजारी म्हणून दिला. मान म्हणून दिला. ह्यांचा माणूस आमच्या माणसानं वाचवला, त्याचं देणं-घेणं होतं ते. भाडं आम्ही कधी दिलं नाय, देणार नाय. ते मोहाचं झाड दिसतंय? त्याच्याखाली आमची माणसं पुरलीत. माझा आजा, त्याचा बाप, त्याच्या आधीचे. जे मेल्यावर पण इथून उठले नाय, त्यांना कुणी बसवलं ते विचारा ह्यांना." मग सरांकडं वळलो. आयुष्यात पहिल्यांदा सर म्हटलं नाय. "आणि ऐक. पानं मी नेसणार नाय. तुझ्या फाटकावर तू उभा राहा. तो बेल्ट ठेव तुझ्याकडं, भिंत रिकामी दिसेल नायतर. पण आजपासून पहिलं बंद. ह्या वाडीतून तुझ्या घरी एक बोर पण येणार नाय."

मोजणीवाले फीत धरून उभे होते. मी त्यांच्या वाटेत खाली बसलो. गुडघ्यांनी जीव काढला. आय बाजूला बसली. मग एकेक करून सगळी बसली. साहेबानं सगळ्यांचं म्हणणं लिहून घेतलं, म्हणाला, मी वरती कळवतो, आणि गेला.

तुम्हाला वाटेल, जिंकलो. कसलं काय. वरती म्हणजे किती वरती ते अजून कळलं नाय. सरांनी कोर्टात केस टाकलीय. माझ्या नावानं धमकावल्याची तक्रार हाय, रोह्याला ठाण्यात हजेरीला जातो. नदीच्या अंगाला त्यांनी तारेचं कुंपण घातलं, बायांना पाण्याला लांबून वळसा पडतो. गोदामातलं काम पण ह्या महिन्यात गेलं. ठेकेदार म्हणाला, वरून फोन आला.

आणि बा माझ्याशी बोलत नाय. परवा डोंगरातून शेवळं आली, ह्या साली पहिली. बानं त्यातली चांगली चांगली निवडली, फडक्यात बांधली, धोतर नेसलं आणि निघाला. मी दारात आडवा झालो.

"बा, नाय."

"सर रे बाजूला. रीत मोडू नको."

"मोडली."

त्यानं मला ढकललं. सत्तरीला टेकलेला काटकुळा माणूस मला ढकलत होता, आणि मी दाराची चौकट धरून उभा. तो रडला. म्हणाला, "घर जाईल रे पोरा, घर जाईल." मी पण रडलो, पण हाललो नाय. फडकं त्याच्या हातातून घेतलं, आयकडं दिलं. तिनं खाज मारायला काकडाची फळं टाकून शेवळं शिजवली. बा सोडून सगळे जेवले.

आता मी कुणालाच काही विचारत नाय. घर पाडायला मशीन आणलं तर त्याच्यापुढं बसेन. पोलीस उचलून नेतील, सोडतील, परत येऊन बसेन. माझं वजन उचलायला त्यांना बरीच माणसं लागतील. बा थकलाय, फार दिवस नाय काढायचा. तो गेला की त्याला मोहाखाली नेणार, कुंपण असलं तर तोडून नेणार. खड्डा मी खणणार. परवानगी मागायला कुणाच्या दारात जाणार नाय.